तीन बोटांची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. प्रस्तुत लेखनात मी माझ्या जन्मापासून आजमितीपर्यंतची हकीकत यथाक्रम कथन करणार आहे. माझी घडण, माझी सेवा, माझे अपहरण, परमुलखातील माझा वास आणि माझे परत येणे हे सर्व जसे घडले तसेच सांगेन. पदरचे काहीही घालणार नाही. एक गोष्ट मात्र मी हेतुपुरस्सर वगळणार आहे, ती म्हणजे माझ्या गावाचे नाव. नाव कळले की माणसे तेथे येतात, आणि आलेली सर्वच माणसे रिकाम्या हाताने परत जात नाहीत.

माझा जन्म थायलंड देशी, एका संथ नदीच्या काठी झाला. त्या काळी त्या देशाला निराळे नाव होते. नदीकाठची चिकण माती, भाताचे तूस आणि पाणी एकत्र तुडवून आम्हांला पाडले जाई, आणि तुसाच्याच आगीत भाजले जाई. आजही माझ्या अंगात जळालेल्या तुसाचे बारीक काळे ठसे आहेत. सुरकुत्या जशा माणसाला, तसे ते मला.

त्या वेळी गावात चेदी बांधण्याचे काम चालले होते. आपण ज्याला स्तूप म्हणतो त्यालाच तिकडे चेदी म्हणतात. ज्यांच्याजवळ धन होते त्यांनी शिखरासाठी सोन्याचा वर्ख दिला. ज्यांच्याजवळ बैल होते त्यांनी बैल दिले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांना अशी मुभा होती की, भट्टीवर येऊन स्वतःच्या हाताने एक वीट पाडावी आणि ती दान म्हणून अर्पण करावी. विटेवर आपले नाव कोरावे, किंवा एखादी खूण करावी.

मला पाडणाऱ्या बाईचे नाव मला ठाऊक नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते. त्या वर्षीच्या पुरात तिचा एकुलता मुलगा नदीने नेला होता. तो सापडला नाही. जाळायलाही काही हाती लागले नाही. तिने मला साच्यातून काढले, ओल्या अंगावर आपली तीन बोटे पहिल्या पेरापर्यंत दाबली आणि ती वाकली. तिचा श्वास मला लागला. ती हळूच म्हणाली, “हलू नकोस. मी येतेच.”

हे ती मला म्हणाली की त्या मुलाला, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

चेदीच्या पश्चिमेकडील बाजूस, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मला बसवण्यात आले. चुना, वाळू आणि उसाची काकवी यांचा तो लेप होता. दानाच्या विटांवर गिलावा चढवायचा नाही, असा तेथील भिक्खूंचा शिरस्ता होता. त्यामुळे माझे तोंड उघडे राहिले. ती बाई रोज भर दुपारी येई. आपली तीन बोटे माझ्या तीन खाचांत ठेवी आणि सावली पायाशी सरकेपर्यंत उभी राही. बोलत काहीच नसे. तिचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, तरी तिचे येणे चुकले नाही. एके दिवशी त्याच आवारात तिला अग्नी देण्यात आला. तो धूर माझ्या अंगावरून नदीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली.

मित्रांनो, तिच्यात फरक एवढाच पडला होता की, पूर्वी तिची बोटे उन्हाने तापलेली असत. आता ती नदीच्या तळच्या गाळासारखी गार होती. बाकी सर्व पूर्ववत होते. तीच वेळ, तेच उभे राहणे. मी तिची वाट पाहत असे आणि ती येत असे.

पुढे त्या भागात लढाई झाली. नगर जळाले, लोक परागंदा झाले. सोन्याचा वर्ख ज्यांना न्यायचा होता त्यांनी नेला. चेदीच्या माथ्यावर पिंपळ उगवला आणि त्याची मुळे आमच्या सांध्यांतून खाली उतरू लागली. माझ्या खाचांत शेवाळ साचले. त्यावर मातीचे घर करणाऱ्या माश्यांनी दोन खाचा लिंपून टाकल्या. तिला त्याची अडचण झाली नाही. शेकडो वर्षांनी सरकारची माणसे आली, त्यांनी गवत काढले, एक लोखंडी पाटी रोवली आणि ती निघून गेली. आमची कोणी स्तुती केली नाही, आणि आमची कोणाला आठवणही राहिली नाही. तरीही मी म्हणेन की तो काळ सुखाचा होता.

आता मी त्या दिवसाकडे वळते.

नवी मुंबईतील घणसोली गावात रूपेश नावाचा एक तरुण आहे. तो दरवर्षी थायलंडला धम्मसहल नेतो. त्याचे म्हणणे असे की, बँकॉकचे सोन्याचे देऊळ तर सगळेच पाहतात, आपण आपल्या माणसांना असे काही दाखवावे की जे कोणी पाहत नाही. म्हणून सहलीतील एक दिवस तो अशा आडबाजूच्या स्थळांसाठी राखून ठेवी. त्या दिवशी सकाळी त्याने एकवीस माणसांना लहान बसमध्ये बसवले आणि शहराबाहेर काढले. सोबत पिम नावाची स्थानिक वाटाड्या बाई होती. भारतातील लोकांना हिंडवून हिंडवून तिला कामापुरती हिंदी अवगत झाली होती. त्यांनी आधी एक तांबड्या जांभ्या दगडाचा चौथरा पाहिला. त्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी काय उभे होते ते आता कोणालाच सांगता येत नाही. नंतर नदीकाठचा एक लाकडी विहार पाहिला. त्याच्या भिंतीवरील चित्रांत फक्त डोळे शिल्लक राहिले आहेत. तेथे ओसरीवर बसून मंडळींनी शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या खाल्ल्या. मग तिसरे स्थळ म्हणून ती आमच्याकडे आली. वेळ भर दुपारची होती.

त्या मंडळींत राहीबाई होत्या. वय त्रेसष्ट. पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांनी आयुष्य काढले होते. त्यांचे पती कालकथित दौलत यांनी घणसोलीत बुद्धविहार व्हावा यासाठी वीस वर्षे दारोदार हिंडून लोकांना एकत्र आणले होते. जागा मिळाली त्याच वर्षी ते गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी राहीबाईंचा हात धरून एकच इच्छा सांगितली होती. बुद्धाला मानणाऱ्या देशातली एक तरी वीट आपल्या विहाराच्या पायात असावी. राहीबाईंनी शब्द दिला होता. पायाभरणीला आता एकच महिना उरला होता.

राहीबाई सावली शोधत एकट्याच पश्चिमेच्या बाजूला आल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला तो नेमका माझ्यावर. पिंपळाच्या मुळाने मला आतून ढकलले होते, त्यामुळे मी किंचित हलले. त्या दचकल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की, जणू त्यांना कोणी हाक मारली होती. मी येथे स्पष्ट नमूद करते की, राहीबाई चोर नव्हत्या. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, हात जोडले, त्रिसरण म्हटले, आणि मगच मला दोन्ही हातांनी धरले. परंतु जेथे विचारायला हवे होते तेथे त्यांनी फक्त नमस्कार केला. ही चूक भक्ताच्याच हातून होते. ज्याला श्रद्धा नाही तो वीट कशाला नेईल?

त्यांनी मला ओढले तेव्हा माझ्यावर आणखी कोणाची तरी बोटे होती. ती सुटली नाहीत.

बसमध्ये मी राहीबाईंच्या कापडी पिशवीत, चटणीच्या डब्याखाली होते. रूपेशची रीत अशी की, प्रत्येक ठिकाणाहून निघताना आसनांच्या पाठींना हात लावत तो पुढून मागे माणसे मोजी. त्याने मोजली. बावीस भरली. त्याने पुन्हा मोजली. पुन्हा बावीस.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “रूपेश, गणिताला कोण मास्तर होते रे तुला?”

सगळे हसले. रूपेशही हसला आणि त्याने खिशातला कागद काढून नावे वाचली. नावे एकवीस होती आणि एकवीस जणांनी हजेरी दिली. मग त्याने शेवटची एकदा डोकी मोजली. मोजताना त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला, आणि शेवटचा आकडा त्याने मोठ्याने म्हटलाच नाही.

पिम दारात उभी होती. ती हसली नव्हती. तिने विचारले, “कोई कुछ लिया? पत्थर, मिट्टी, कुछ भी? लिया तो अभी वापस. मैं गुस्सा नहीं करेगी.”

रूपेशने तिचे म्हणणे सर्वांना समजावून सांगितले. एकेकाने नकारार्थी मान हलवली. राहीबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर जवळ ओढली आणि म्हणाल्या, “न्हाई बाई. मी कशाला घेऊ?”

पिमने राहीबाईंकडे पाहिलेच नाही. ती त्यांच्या शेजारच्या आसनाकडे पाहत होती. तेथे कोणी बसलेले नव्हते. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, त्या रिकाम्या आसनापुढे लवून नमस्कार केला, आणि पुढे जाऊन चालकाला हळू हाकायला सांगितले. परतीच्या सबंध प्रवासात तिने मागे वळून पाहिले नाही.

विमानतळावर सामानाचे वजन जास्त भरले. राहीबाईंनी नातवंडांसाठी घेतलेला खाऊ, दोन चादरी आणि शोभेचा हत्ती रूपेशच्या हवाली केला, परंतु मला काढले नाही. अशा रीतीने मी घणसोलीस आले.

घणसोली गावठाणातील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि चहूबाजूंनी नवे उंच टॉवर आले आहेत. त्या टॉवरांच्या फटीतून गल्लीत ऊन उतरते ते फक्त दुपारी, अर्धी घटका. राहीबाईंनी मला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून बुद्धमूर्तीपुढे ठेवले. वस्तीतील स्त्री-पुरुष मला पाहण्यास येऊ लागले. मित्रांनो, शेकडो वर्षांत झाली नव्हती एवढी माझी वाखाणणी त्या पंधरा दिवसांत झाली. लहान मुलांना माझ्यापुढे उभे करून फोटो काढण्यात आले. वीट कोणी दिली असे लोक विचारीत. पहिल्या दिवशी राहीबाई चहा ठेवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी विहार समितीचे अध्यक्ष जयप्रकाश आले. ते बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून आहेत आणि त्यांच्या शब्दाला वस्तीत मान आहे. त्यांनी स्वतःच विचारले की, तिकडल्या भंतेजींनी दिली असेल ना? राहीबाईंनी होकारार्थी मान हलवली. तेव्हापासून मी भंतेजींनी दिलेली वीट झाले.

त्यानंतर राहीबाई रोज सकाळी वंदना म्हणत, पण दुसऱ्या शीलापाशी त्यांचा आवाज बसे. जे दिलेले नाही ते मी घेणार नाही, असे ते शील आहे. त्या खाकरत, पाणी पीत, पुन्हा आरंभ करीत. पुन्हा तेथेच आवाज जाई. दुपारचा चहा करताना त्या दोन कप मांडू लागल्या. मांडून झाल्यावर त्या दुसऱ्या कपाकडे बघत उभ्या राहत. मग तो परत फडताळात ठेवत.

पुढच्या खोलीत नूरजहाँ नावाची शेजारीण राहते. तिचे माहेर अलिबागकडचे. दोघींचे पंधरा वर्षांचे सख्य. एके दुपारी नूरजहाँ दारातून म्हणाली, “राहीताई, तुमची पाहुणी कधी जाणार हाय? चार दिवस झाले, दुपारची पायरीवर येऊन बसते. मी सलाम केला तर बघत पण नाय.”

राहीबाईंनी विचारले, कोण पाहुणी?

“आता मला काय माहीत? बारीक हाय, म्हातारी, केस कापलेले. माझी पोर मुस्कान म्हणते ती भिंत चाचपत असते. डोळ्याने अधू हाय काय बिचारी?”

राहीबाईंनी पायरीकडे पाहिले. पायरीवर ऊन होते. एवढेच त्यांना दिसले. त्या आत आल्या आणि त्यांनी माझ्यावरचे वस्त्र नीट केले.  आपण भुताखेतांना मानत नाही, दौलत असते तर हसले असते, असे त्या स्वतःशीच दोनदा पुटपुटल्या.

मला मात्र सर्व ठाऊक होते. ती भिंत चाचपत होती, कारण तिला माझी जागा सापडत नव्हती. मी वस्त्रात होते, फळीवर होते, घरात होते. तिला फक्त भिंतीतली मी ओळखीची.

पायाभरणीला दोन दिवस उरले असता मधुकर गवंडी मला न्यायला आले. वीट लावण्यापूर्वी ती भिजवावी लागते, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. कोरडी वीट सिमेंटचे पाणी शोषते आणि सांधा कच्चा राहतो. त्यांनी राहीबाईंच्या ओट्यावर बादली मागवली आणि मला पाण्यात सोडले. विटेतून बुडबुडे येतात, थोड्या वेळाने थांबतात. माझ्यातून बुडबुडे येतच राहिले. मधुकर बिडी ओढत बसले. बिडी संपली, बुडबुडे संपले नाहीत. पाण्यावर शेवाळ आले, माती आली, मग नदीच्या गाळाचा वास आला. चाळीस वर्षांच्या कामात त्यांनी असे पाहिले नव्हते. ऊन नुकतेच गल्लीत उतरत होते.

त्यांनी मला बाहेर काढले, अंगठ्याने माझ्या कडा पुसल्या आणि मला उलटे करून पाहिले.

“मावशी,” ते म्हणाले, “ही वीट तुम्हाला कोणी दिली?”

राहीबाई म्हणाल्या, भंतेजींनी.

“मागे चुना आहे हिच्या. ओढून काढल्याशिवाय चुना असा तुटत नाही. ही लागलेली वीट होती, मावशी. कोणाच्या तरी भिंतीतली.” मग त्यांनी माझे तोंड राहीबाईंकडे फिरवले. माश्यांचे घर विरघळून गेले होते आणि तिन्ही खाचा स्वच्छ दिसत होत्या. “आणि हे बघा. ही चुकून पडलेली बोटे नाहीत. मुद्दाम दाबलेली आहेत. आम्ही कुठे खूण करतो, कुठे नाही, ते मला कळते. हे कोणीतरी आपले म्हणून दिलेले आहे.”

राहीबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि तीन बोटे माझ्या तीन खाचांत घातली. ती बरोबर मावली नाहीत, कारण त्या खाचांत आधीच बोटे होती.

राहीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हात मागेही घेतला नाही. त्यांच्या बोटांखालची ती गार बोटे किती तरी वेळ तशीच राहिली. मधुकरांना दिसत होते ते एवढेच की, एक म्हातारी बाई ओल्या विटेवर हात ठेवून बसली आहे आणि तिच्या हातावरचे केस उभे राहिले आहेत. गल्लीतले ऊन गेले. तेव्हा राहीबाई म्हणाल्या, “हिनं दिलेली हाय ही. दिलेलं दान मी पुन्हा कसं देऊ?”

त्याच संध्याकाळी त्यांनी जयप्रकाशांना बोलावून सर्व सांगितले. जयप्रकाशांचा चेहरा उतरला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पत्रिकेत विटेचा उल्लेख होता. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. त्यांनी परोपरीने समजूत घातली. तिकडे अशा लाखो विटा पडल्या आहेत, कोणाला पत्ताही लागणार नाही, आणि आपण ती काही विकायला आणलेली नाही, असे ते म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, “राहीबाई, तुम्ही दौलतभाऊंच्या घरच्या. तुम्हीच असल्या भुताखेतांच्या गोष्टी मानायला लागलात तर वस्तीने काय करायचे? आपण चमत्कार मानत नाही.”

“मी बी मानत न्हाई, भाऊ,” राहीबाई म्हणाल्या. “पायरीवर कुणी बसतंय का न्हाई, ते जाऊ द्या. वीट चोरीची हाय, हे तर खरं हाय ना? चोरीच्या विटेवर विहार कसा उभा करायचा? तिथं बसून लोकं दुसरं शील म्हणणार.”

 जयप्रकाश म्हणाले की, निदान लोकांना सांगू नका. वीट प्रवासात फुटली असे आपण सांगू.

“एक खोटं लपवायला दुसरं? मला आता झेपत न्हाई ते.”

पायाभरणीच्या दिवशी मांडव भरला होता. मला फुलांच्या तबकात ठेवले होते. माझे नाव पुकारले गेले तेव्हा राहीबाई उठल्या. तबक घेऊन त्या खड्ड्याकडे गेल्या नाहीत. त्या लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक कोणी हातात दिला तो त्यांनी घेतला नाही, तरी त्यांचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. भंतेजींनी वीट दिली नाही, मी ती काढून आणली, विचारले तेव्हा नाही म्हटले, आणि तुमच्याशीही खोटे बोलले, असे त्यांनी सांगितले. नंतर त्या म्हणाल्या, “ह्यांना दिलेला शब्द माझ्याकडून मोडला. त्यांचं नाव ह्या पायात न्हाई जाणार. पर दुसऱ्या बाईचं दान त्यांच्या नावावर घालायचं, हे त्यांनाच चाललं नसतं.”

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतील दोन बायका उठून गेल्या. पाया साध्या भट्टीच्या विटेने भरण्यात आला. ती वीट मधुकरांनी लावली. राहीबाई मला पदराखाली घेऊन एकट्या घरी गेल्या. त्या दिवसापासून दौलतभाऊंची राहीबाई असे त्यांना म्हणणारे काही लोक त्यांना नुसते राहीबाई म्हणू लागले. हा भेद लहान वाटतो, पण ज्याला तो सोसावा लागतो त्याला तो लहान नसतो.

मला परत नेण्याचे काम रूपेशने पत्करले. त्याने पिमला फोन केला. पिमने तिकडल्या अधिकाऱ्यांना आणि भिक्खूंना कळवले, आणि लेखी परवानगी मिळवली. रूपेशचे विमान सकाळचे होते. उजाडता उजाडता तो आला. मला खोक्यात घातले, खोके चिकटपट्टीने बंद केले आणि गाडीत ठेवले. राहीबाई दारापर्यंत आल्या. त्यांना काहीतरी सांगायचे होते, पण उशीर होत होता आणि गाडी सुटली.

मित्रांनो, घाईत झालेली ही दुसरी चूक. मला नेताना वेळ कोणीच विचारात घेतली नाही; तिची बोटे माझ्यावर असतात ती फक्त दुपारी.

माझ्या गावी माझा सन्मानाने स्वीकार झाला. तिकडल्या एका वृद्ध गवंड्याने जुन्या रीतीने चुना, वाळू आणि काकवी कालवली. माझ्या जागेतील मूळ कापून काढले. भिक्खूंनी सूत्र म्हटले. मी माझ्या जागी बसले, आणि खरे सांगते, मी अगदी बरोबर बसले, तसूभरही फरक नाही. पिमने चेदीला नमस्कार केला. रूपेशच्या डोळ्यांत पाणी आले. सर्व मंडळी समाधानाने परतली.

दुपार झाली. मी वाट पाहिली. सावली पायाशी सरकली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही. माझ्या तीन खाचांत ऊन पडते आणि निघून जाते. शेवाळदेखील अद्याप धरलेले नाही. इतक्या वर्षांत मी प्रथमच रिकामी आहे.

चार महिन्यांनी रूपेश नवी सहल घेऊन आला. या खेपेस त्याने मंडळींना कुंपणाबाहेरच उभे केले आणि तो एकटा पिमसह माझ्यापाशी आला. त्याने जे सांगितले ते मी ऐकले. नूरजहाँला ती पाहुणी अजून दिसते. दुपारचे अर्धी घटका ऊन उतरले की ती पायरीवर असते. राहीबाईंना ती दिसत नाही. तरी त्या वेळेला राहीबाई सर्व कामे टाकून पायरीवर तिच्या बाजूला जाऊन बसतात. दोन कप चहा नेतात. भाषा समजत नाही म्हणून बोलत नाहीत. कधी कधी आपला हात पायरीवर पसरून ठेवतात, आणि ऊन गेल्यावर उचलतात तेव्हा बोटे गार असतात.

“राहीमावशीने एक विचारायला सांगितले आहे,” रूपेश म्हणाला. “ती रस्ता चुकली आहे. तिला घरी कसे पाठवायचे?”

 पिमने माझ्या खाचांवर आपला तळहात ठेवला. तो उबदार होता, आणि मला तो परका वाटला. मग तिने मान हलवली. तिला ठाऊक नव्हते. त्या भिक्खूंनाही ठाऊक नव्हते. रूपेश तेच उत्तर घेऊन घणसोलीला परत गेला.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हां सर्वांना कळकळीची विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, दूरदेशी जाल, जुनी स्थळे पाहाल. डोळे भरून पाहा. हात जोडा. पण तेथील खडा, माती, वीट, पानही उचलू नका, आणि उचलण्याचा मोह श्रद्धेपोटी होत असेल तर अधिकच सावध राहा. दगडाविटांना मालक नसतो असे समजू नका. वस्तू परत करता येते. वस्तूबरोबर जे आले ते परत पाठवण्याचा मार्ग कोणालाच माहीत नाही, आणि त्याची सोबत मग एखाद्या राहीबाईला जन्मभर करावी लागते.

विटेला हात नाहीत, म्हणून तिच्या वतीने ही हकीकत मी लिहिली आहे. ती वीट पाण्यातून काढून मी या हातांनी पुसली होती. पुढील वृत्तांत रूपेशने मला सांगितला तसा लिहिला. शब्दांत कोठे उणे-अधिक झाले असल्यास वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
मधुकर धर्मा शिरसाट
गवंडी, घणसोली गाव, नवी मुंबई